यादीबाहेरचा गवंडी

कपाट हलवायचं होतं, एवढंच काम. त्या दिवशी सकाळी बाई चर्चकडे निघाल्या त्या कपाटासाठी. पिशवीत मोजायचा टेप होता तो मात्र पुस्तिकेसाठी, आणि पुढचा सगळा घोळ त्या टेपनंच घातला.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे आणि समोर आल्या की जरा सावरून उभे राहायचे. डोक्यात एकदा काही शिरलं की ते तडीस नेल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. सध्या शिरला होता चर्चचा इतिहास. येत्या रविवारी चर्चला शंभर वर्षं पुरी होणार होती आणि फादरनी पुस्तिका लिहायचं काम बाईंच्या गळ्यात घातलं होतं. खरं सांगायचं तर बाईंनी ते स्वतःच ओढून घेतलं होतं. का नाही घेणार? ज्या मिस्त्रींनी हे चर्च उभं केलं ते बाईंचे सख्खे पणजोबा. त्यांची कामाची वही अजून घरातल्या पेटीत होती, मेणकापडात गुंडाळलेली.

चर्च तसं इवलंसं. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, वर कौलं, एक घंटा, आत बाकांच्या दोन रांगा. वेदीमागच्या भिंतीला चिकटून बाहेरच्या अंगानं एक खोली होती, आणि त्या खोलीत बाईंचे वडील राहायचे. दादा. वय चौऱ्याऐंशी, अंगानं भरलेले, कानानं अर्धे. बायको गेल्यावर घरात मन रमेना म्हणून घंटा वाजवायचं काम घेऊन ते इथं राहायला आले, त्याला बावीस वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात ते घसरून पडले आणि रात्रभर तसेच फरशीवर राहिले. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, की यांना आता एकटं ठेवाल तर एक दिवस सकाळी यालच, पण उशिरा याल. तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला होता. दादा मात्र जागचे हलायला तयार नव्हते. फार मागे लागल्यावर त्यांनी एकच अट घातली.

"कपाट येत असेल तर मी येतो."

त्या कपाटात आईची लुगडी होती. बावीस वर्षांत एकही घडी मोडलेली नव्हती. बाईंनी अट लगेच मान्य केली आणि सुताराला बोलावलं.

सुतार चौथीत बाईंच्या वर्गात होता. त्यानं कपाटाला हात लावून पाहिला, दाराकडे पाहिलं, परत कपाटाकडे पाहिलं आणि मान खाजवली.

"बाई, हे आत आणलं कसं?"

"कसं म्हणजे? दारातून. चौघांनी उचलून आणलं, मी स्वतः उभी होते इथं."

"या दारातून नाही आणलं."

"अरे, खोलीला दार एकच आहे. तुला काय छपरातून टाकलं असं वाटतं?"

सुतारानं वाद घातला नाही. बाईंच्याच पिशवीतला टेप घेऊन त्यानं कपाट मोजलं. चौतीस इंच. मग दार मोजलं. एकोणतीस. दोनदा मोजलं तरी एकोणतीसच.

"सुटं करावं लागेल," तो म्हणाला. "पटाशी घेऊन येतो. दुपारपर्यंत येतो."

"सुटं केलं तर मी येणार नाही," दादा पलंगावरून म्हणाले. त्यांना नको ते बरोबर ऐकू यायचं.

सुतार गेला आणि बाई दारात तशाच उभ्या राहिल्या. दुसरं कोणी असतं तर सुताराला वेड्यात काढून चहा टाकला असता. बाईंनी पुस्तिकेसाठी पेटीतून सोबत आणलेली वही पिशवीतून काढली. पणजोबांचं अक्षर टपोरं, शिसपेन्सिलीचं. पायाची खोली, भिंतीचे थर, दारं, खिडक्या, सगळी मापं ओळीनं लिहिलेली. वेदीमागच्या खोलीचं पान सापडलं. "दार बेचाळीस इंच. खिडक्या दोन."

बाईंनी मान वर केली. खोलीत खिडकी एकच होती आणि तीही वीतभर.

"दादा, या खोलीला दुसरी खिडकी होती का हो?"

"होती की."

"मग कुठे गेली?"

दादांनी जरा विचार केला. "मी आलो तेव्हा होती. पुढं पुढं काय झालं, ध्यानात नाही गं. उजेड कमी झाला एवढं खरं. मला वाटलं, डोळे गेले."

आता बाईंना स्वस्थ कसं बसवणार? साडीचा पदर खोचून त्या टेप, वही आणि पेन्सिल घेऊन चर्चमध्ये शिरल्या. खरं म्हणजे त्या घाबरायला हव्या होत्या. पण त्यांना झाला तो आनंद, अगदी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा. शंभर वर्षांची इमारत आणि वहीतली मापं जुळत नाहीत, म्हणजे काहीतरी सापडणार होतं, आणि ते त्यांनाच सापडणार होतं.

वहीत चर्चच्या मुख्य सभागृहाच्या खिडक्या सात लिहिल्या होत्या. बाई लहानपणापासून सहा मोजत आल्या होत्या. प्रवचन लांबलं की दुसरं करायचं तरी काय? सातवी जिथं असायला हवी तिथं सलग दगडी भिंत होती. भिंतींचे थर वहीत बेचाळीस होते. बाईंनी खुर्चीवर चढून, वर बोट रोखून मोजले. सत्तेचाळीस भरले. कौलं कोणी कधी उचलून पाच थर वर चढवल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. त्या खुर्चीवरून उतरल्या आणि त्यांना हसूच आलं.

मग त्यांचं लक्ष खुणांकडे गेलं. त्या काळी प्रत्येक गवंडी आपण घडवलेल्या दगडाच्या कोपऱ्यात छिन्नीनं आपली खूण करायचा. कुणी किती आणि कसं काम केलं ते मिस्त्रीला त्यावरून कळायचं. वहीत अकरा गवंड्यांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे त्याची खूण काढलेली. मासा, शिडी, चंद्रकोर, बाण, असं काहीबाही. बाई भिंतीला नाक लावून एकेक खूण ताडून पाहू लागल्या. जुन्या भिंतींत सगळे अकरा सापडले. मात्र बुजलेल्या सातव्या खिडकीत त्यांतला एकही नव्हता. तिथं दगडादगडावर एकच खूण होती, एक गोल आणि आत ठिपका. मान वर करून पाहिलं, तर वरच्या पाच थरांवरही तीच. बाई धावत खोलीकडे गेल्या आणि दाराच्या चौकटीजवळ वाकल्या. दोन्ही बाजूंना, खालपासून वरपर्यंत, गोल आणि ठिपका.

"अकरा नव्हते, दादा," त्या दारातूनच म्हणाल्या. "बारा होते. बारावा कुणीतरी होता आणि त्याचं नाव कुणी लिहिलेलं नाही. शंभर वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही हे."

"दगड चोरतात," दादा म्हणाले.

"कोण?"

"दफनभूमीच्या कुंपणाचे. दरवर्षी पाच-सहा कमी होतात. मी फादरना किती वेळा सांगितलं. लोक घराला नेतात."

लोक नेत नव्हते. बाईंना हे तिथल्या तिथं कळलं आणि चौकटीवरचा हात त्यांनी चटकन मागे घेतला. तरी उत्साह काही कमी होईना. दादांना जेवायला वाढून, हात धुऊन त्या पुन्हा चर्चमध्ये पहिल्या बाकावर वही घेऊन बसल्या. शेवटची पानं ओलीनं एकमेकांना चिकटली होती. केसातली पिन काढून त्या हलक्या हातानं एकेक पान सोडवू लागल्या.

दुपार कलली होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा. चिमणीसुद्धा नव्हती. त्या शांततेत बाईंना पहिल्यांदा वास आला. ओल्या चुन्याचा, ताज्या कालवलेल्या. घराचं बांधकाम चालू असलं की येतो तसा. आणि पाठोपाठ आवाज.

टक. टक. मग गवंड्याची थापी दगडावरून ओढल्याची खरवड. मग पुन्हा टक.

सुतार आला असेल, बाईंनी स्वतःला समजावलं. पान सुटलं.

"काम संपलं की आपल्याकडची रीत," पणजोबांनी लिहिलं होतं. "मिस्त्रीनं एकेकाला हाक मारून सांगायचं, काम झालं, हात थांबवा. त्यानं थापीची एक थाप द्यायची. मग म्हणायचं, आता घरी जा. असं सांगितल्याशिवाय कुणी हत्यार खाली ठेवत नाही. आज यादी वाचून अकरा जणांना हाक मारली. अकरा थापा मोजल्या. देवाच्या दयेनं काम पुरं झालं."

टक. टक. खरवड.

पुढचं पान फाटतच सुटलं. तिथलं अक्षर टपोरं नव्हतं, वेडंवाकडं होतं.

"धाकटा भाऊ संध्याकाळी घरी आला नाही. तो वेदीमागं बांबूंच्या परांचीवर होता. त्याला हाक मारायची राहिली. घरचा माणूस, त्याचं नाव मी यादीत घातलंच नव्हतं. घरच्या माणसाला कोण यादीत घालतं? सकाळी परांची उतरवली. तो वर नाही. खाली नाही. कुठेच नाही. त्याची खूण मात्र काल नव्हती त्या दगडावर आज आहे."

बाईंनी ते दोनदा वाचलं. खरंच होतं ते. यादी कुणाची करायची, तर बाहेरून आलेल्या माणसांची. सख्खा भाऊ काय, तो असतोच. जेवायच्या वेळी त्याला वेगळं बोलवावं लागत नाही, तसं कामावरून उठवावंही लागत नाही, असंच थोरल्याला वाटलं असणार. आणि धाकटा हाकेची वाट बघत राहिला. वाट बघता बघता काय करणार बिचारा? जे हातात होतं तेच करत राहिला. दगड घडवायचा, रचायचा. भिंती पुऱ्या झाल्या तर खिडक्या होत्या. खिडक्या झाल्या तर...

बाई उठल्या. वही खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. धावत वळसा घालून त्या खोलीपाशी पोचल्या आणि दारासमोर थबकल्या.

सकाळी एकोणतीस इंच होतं ते दार आता जेमतेम दीड वीत उरलं होतं. इतकी वर्षं इंचाइंचानं चाललेलं काम एका दुपारीत एवढं पुढं गेलं होतं. दोन्ही बाजूंना नवे दगड. सांध्यांत चुना अजून ओला, पांढराशुभ्र. कुणीही दिसत नव्हतं. नुसता आवाज चालू होता, शांत, सवयीचा, घाईगर्दी नसलेल्या माणसाचा. टक. टक. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उजव्या अंगाच्या सांध्यातून चुन्याचा एक ओघळ बाहेर आला, आणि तो कुणीतरी थापीनं पुसून घ्यावा तसा पुसला गेला.

"दादा," बाईंनी फटीतून हाक मारली. "दादा... उठा. बाहेर या."

दादा आत पलंगावर बसून होते. "सुतार आला का?"

"नाही आला. तुम्ही या आधी. अंग आडवं करा आणि या."

"कपाट सोडून मी येणार नाही, एकदा सांगितलं."

"दादा, मी पाया पडते तुमच्या."

"तुझ्या आईची लुगडी आहेत त्यात."

बाईंनी आत हात घातला, पण दादांपर्यंत तो पोचेना. दंडाला ओला चुना लागला. दगड गार होता आणि हातावर हळूच दाबून येत होता. शाळेत तीस वर्षं पोरं सांभाळली, कधी रडल्या नाहीत, त्या बाई आता रडत होत्या. डोळ्यांसमोर सुतार पटाशी घेऊन येतोय आणि पटाशी लावायला दारच राहिलेलं नाही, असं चित्र उभं राहिलं. आणि त्याच क्षणी, रडतारडताच, त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकं सोपं होतं ते. याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं. मिस्त्रीच्या घरच्या कुणीतरी.

त्यांनी हात मागे घेतला, पदरानं डोळे पुसले आणि ताठ उभ्या राहिल्या. नाव माहीत नव्हतं. नात्यानं हाक मारली.

"धाकटे पणजोबा."

आवाज थांबला.

"मी थोरल्यांची पणती. तुम्हाला हाक मारायची राहिली हो... आमचीच चूक झाली. तुम्ही घरचे म्हणून यादीत घातलं नाही, आणि हाकही मारली नाही. एवढी वर्षं तुम्ही..." त्यांनी पदर सावरला. "काम झालं, धाकटे पणजोबा. फार सुरेख झालं. हात थांबवा."

मग दगडावर थापीची एक थाप पडली. एकच, खणखणीत. आत दादांनीसुद्धा दचकून इकडेतिकडे पाहिलं.

"आता घरी जा," बाई म्हणाल्या.

चुन्याचा वास विरला. फुंकर घालावी तसा गेला. झाडावर एक पाखरू ओरडलं. बाई पायरीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. थोड्या वेळानं सुतार आला. दार बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण बाईंनी त्याला एक शब्द विचारू दिला नाही. "पटाशी ठेव आणि दगड काढ," म्हणाल्या. चुना ओलाच होता, चार दगड सहज निघाले. दादांना अंग आडवं करून ओढून काढलं, सदऱ्याची दोन बटणं तुटली. आईची लुगडी बाईंनी एकेक करून बाहेर दिली आणि दादांच्या मांडीवर गठ्ठा ठेवला. रिकामं कपाट तसंच राहिलं. दादा रिक्षात बसले ते मागे वळूनसुद्धा न बघता.

रविवारी काय थाट झाला म्हणून सांगू. चर्चमध्ये मुंगीला जागा नव्हती. बाई पुढे उभ्या राहिल्या आणि पुस्तिकेतली यादी त्यांनी स्वतः वाचली. अकरा नावं वाचली, थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "बारावे, मिस्त्रींचे धाकटे बंधू." लोक उत्स्फूर्तपणे उभे राहिले. का उभे राहिलो ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. फादरचे डोळे भरून आले. संध्याकाळी सगळे पांगल्यावर बाईंनी टेप काढून पुन्हा सगळं मोजलं. थर सत्तेचाळीस, खिडक्या सहा, खोलीचं दार सुतारानं सोडलं होतं तेवढंच. केसाचाही फरक नव्हता. त्या रात्री बाई महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपल्या. दादा शेजारच्या खोलीत, उशाशी लुगड्यांचा गठ्ठा घेऊन.

सोमवारी त्या जाग्या झाल्या तेव्हा घड्याळात आठ वाजले होते. इतका उशीर त्यांना कधी होत नसे. घरात अंधार होता. आभाळ आलं असेल असं म्हणत त्या दादांच्या खोलीत गेल्या. दादा पलंगावर पाय सोडून बसले होते.

"अजून उजाडलं नाही का गं?"

"आठ वाजले, दादा. पडदा तरी सारायचा."

त्यांनी पडदा सारला. बाईंचं घर विटांचं, तेही पणजोबांनी दोघा भावांसाठी म्हणून बांधलेलं, नंतर बदलत बदलत आजचं झालेलं. खिडकीबाहेर पेरूचं झाड दिसायचं. आता तिथं काळा घडीव दगड होता. खालपासून वरपर्यंत, थरावर थर, सांधे अगदी सरळ. बाईंनी तळवा टेकवला. चुना ओला होता.

आता घरी जा, असं त्यांनीच सांगितलं होतं. तो आला होता. त्याचं घर हेच होतं, दुसरं त्याला होतं तरी कुठलं?

"काम झालं," बाई दगडाला म्हणाल्या. "धाकटे पणजोबा... काम झालं. हात थांबवा."

थाप पडली नाही. पुढच्या अंगाला, जिथं घराचं दार होतं तिथून, थापीची खरवड मात्र ऐकू येत राहिली. बाई पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडून तशाच उभ्या राहिल्या. कामावरच्या माणसाला घरी जा म्हणता येतं. घरीच असलेल्या माणसाला काय म्हणायचं?

"कोण आलंय गं?" दादांनी विचारलं. "बस म्हणावं त्याला."